पन्हळी पत्र्याचं विमान आणि लाल चिठ्ठी

चौतीस वर्षं मी विमानांचे भाग तपासले आणि त्या सगळ्या काळात एकदाही विमानात बसलो नाही. ही गोष्ट मी सहसा कोणाला सांगत नाही. पहिला अर्धा भाग ऐकून लोक मान डोलावतात आणि दुसरा ऐकून हसतात. आमच्या सोसायटीतल्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींचा तर पक्का समज आहे की मला अजूनही तिकीट फुकट मिळतं. मी तो दूर केलेला नाही. फुकट मिळूनही जात नाही म्हणजे माणूस साधा असेल, असं त्यांना वाटतं, आणि ते माझ्या सोयीचं आहे.

खरं कारण भीती. मी तपासणी खात्यात होतो. तडा, सैल रिव्हेट, केसाएवढी खोच शोधणं हे माझं काम. चांगला भाग समोर आला की सही करून पुढे सरकवायचो, त्याच्याकडे पुन्हा पाहायचोही नाही. वाईट भाग मात्र एकेक लक्षात राहायचा. इतकी वर्षं डोक्यात नुसते दोष साठवल्यावर आकाशातून विमान गेलं की बाकीच्यांना प्रवास दिसतो, मला रिव्हेट दिसतात. बायको म्हणते, हा तुमचा कामाचा अभिमान आहे. अभिमान वगैरे काही नाही, मी मान खाली घालून चालू लागतो.

आमच्या खात्यात दोष सापडलेल्या भागाला लाल चिठ्ठी बांधायची पद्धत होती. तिच्यावर लिहायचं: दोष काय, जबाबदार कोण, आणि खाली सही. या चिठ्ठीचे दोन नियम होते आणि आम्ही ते देवाधर्मासारखे पाळायचो. एक, लाल चिठ्ठीचा भाग एकटा पाठवायचा नाही. ज्यानं चिठ्ठी बांधली त्यानंच तो हातात धरून पुढच्या खात्यात न्यायचा आणि काय बिघडलंय ते तोंडानं सांगायचं. दोन, ज्यानं बांधली त्याला ती सोडता येत नाही. दुसऱ्या कोणीतरी भाग पाहून, चिठ्ठीवर ‘तपासले’ असं लिहून ती सोडायची.

छपाईत बिघडलेल्या चिठ्ठ्या मी घरी आणायचो, मुलीला चित्रं काढायला. तिनं चित्रं काढलीच नाहीत. घरात तपासणी खातं उघडलं. करपलेल्या पोळीला चिठ्ठी, आईच्या काडी मोडलेल्या छत्रीला चिठ्ठी. एकदा तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी गेलो नाही. काम होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायला शर्ट घातला तर बटणाला चिठ्ठी बांधलेली. दोष: आले नाहीत. जबाबदार: बाबा. मी हसत सोडायला गेलो तर ती म्हणाली, “तुम्हाला सोडता येत नाही, नियम आहे.” शेवटी तिच्या आईनं ‘तपासले’ लिहून सोडली. मी ती गोष्ट बरीच वर्षं कौतुकानं सांगत असे.

मुलगी आता म्युनिकला असते. तिथं गेल्यावर पहिल्या वर्षी तिनं आम्हा दोघांना बोलावलं, तेव्हा मी रक्तदाबाचं कारण सांगितलं. दुसऱ्या वर्षी बोलावलं, तेव्हा सोसायटीच्या रंगकामाचं. तिसऱ्या वर्षी काय सांगितलं ते आता आठवतही नाही, पण ऐकून तिनं ‘बरं’ म्हटलं आणि फोन आईकडे द्यायला सांगितलं, ते आठवतं. दर वेळी मी जात नाही म्हणून बायकोही गेली नाही. मग मुलीला दिवस गेले. बाळंतपणाला आईनं यावं असं ठरलं. त्या फोनला मी शेजारीच बसलो होतो. व्हिसा, गरम कपडे, डिंकाचे लाडू, सगळं बोलणं झालं. शेवटी ती म्हणाली, “बाबा, तुम्ही तब्येतीला जपा.” या वेळी तिनं विचारलंच नाही.

मला लागलं ते हेच. ती रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं. तिनं मला तिच्या यादीतून शांतपणे कमी केलं होतं, आणि तेही माझी अडचण होऊ नये म्हणून.

बायकोनं व्हिसाचे अर्ज मात्र दोघांचेही भरले. मी सह्या केल्या, मुंबईला जाऊन बोटांचे ठसेही दिले. शिक्क्याला मी घाबरत नाही. दोन्ही पासपोर्टवर व्हिसा आला. तिकीट एकच निघालं.

मग मी ठरवलं की आपल्याऐवजी काहीतरी पाठवायचं. पळपुटा माणूस भेटवस्तूवर जास्त विश्वास ठेवतो. मुलीनं पहिल्याच वर्षी तिथल्या संग्रहालयातला एक फोटो मला पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘बाबा, हे बघा, पत्र्याच्या शेडला पंख.’ पहिलं महायुद्ध संपल्या संपल्या तयार झालेलं ते लहानसं जर्मन प्रवासी विमान होतं. नाकापासून शेपटीपर्यंत पन्हळी पत्रा, आपल्याकडे शेडवर घालतात तसाच, फक्त हलक्या मिश्रधातूचा आणि बारीक पन्हळींचा. त्याची प्रतिकृती करून पाठवायची, असं मी ठरवलं.

निवृत्त माणसाला विषय मिळाला की तो सुटत नाही. मी वाचत सुटलो. युद्ध हरलेल्या त्या देशाला लढाऊ विमानं करायची बंदी झाली, तेव्हा तिथल्या कारखान्यांनी प्रवाशांकडे तोंड वळवलं. तोवर प्रवासी म्हणजे युद्धातल्या उरलेल्या विमानात कातडी कोट आणि चष्मा चढवून वारा खात बसणारा धाडसी इसम. या पत्र्याच्या विमानाचा कर्ता होता एक प्राध्यापक, ज्याचा कारखाना मुळात आंघोळीचं पाणी तापवणारी यंत्रं बनवायचा. थोडक्यात, बंबवाला. पत्रा कसा वागतो हे त्याला बंबानं शिकवलं असावं. त्यानं पंखांना तारा लावल्या नाहीत, टेकू लावले नाहीत, आणि आत चार जणांसाठी गादीच्या खुर्च्या, खिडक्या आणि पट्टे दिले. वैमानिक पुढे अर्धे उघड्यावर आणि प्रवासी बंद खोलीत. दारापर्यंत जायला पंखावर पाय देऊन चढायचं. हे विमान बर्फावर फळ्या लावून आणि पाण्यावर होड्या लावूनही चाललं.

त्याच सुमाराला बाकीचेही होते. कोणी प्लायवुडचं जाडजूड विमान केलं, त्यात तीन-चार माणसं खोक्यात भरल्यासारखी बसायची. कोणी उडत्या होड्या करता करता चाकांवर आला, त्यानं पंख प्रवाशांच्या डोक्यावर ठेवला. पन्हळींतून वारा सरळ निघून जाईल असा बंबवाल्याचा अंदाज होता. तो पुरता खरा नव्हता, पन्हळी वाऱ्याला धरून ठेवतात हे पुढे कळलं. मग दुसऱ्या महायुद्धाच्या आधी गुळगुळीत अंगाची, रिव्हेटची डोकी पत्र्यात बुडवलेली, चाकं पोटात घेणारी छोटी वेगवान विमानं आली, त्यांतही पुन्हा चार-पाचच माणसं. एवढा सगळा खटाटोप मूठभर माणसांना बसून जाता यावं म्हणून. मी मात्र वाचताना प्रत्येक विमान कुठे मोडेल तेवढंच पाहत होतो. सवय जात नाही.

प्रतिकृतीसाठी एका ओळखीच्यानं मला मालेगावातले एक कारागीर सुचवले. यंत्रमागाच्या शेडवर पत्रे चढवणं, पावसाचं पाणी नेणाऱ्या पन्हळी, पेट्या, डबे, यांत त्यांचा जन्म गेलेला. सत्तरीचे, पांढरी दाढी, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. गल्लीत सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. मी एसटीनं गेलो आणि दोन नकाशे त्यांच्यापुढे ठेवले, एक वरून पाहिल्यासारखा, एक बाजूनं, आणि मुलीनं पाठवलेला फोटो. पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत दीड फूट.

चाचांनी नकाशा उलटा धरला, सुलटा धरला. “ये तो अपना नालीवाला पत्रा है,” ते म्हणाले आणि एकदम खूश झाले. ओळखीचा माणूस फोटोत दिसावा तसे. तेलाच्या डब्याचा पातळ पत्रा घ्यायचा आणि फळीवर सायकलचे स्पोक ओळीनं ठोकून त्यांवर तो दाबून पन्हळी काढायच्या, हे त्यांनी तिथल्या तिथे करून दाखवलं. “वीस दिवस द्या साहेब. बढिया करतो.”

विसाव्या दिवशी मी गेलो. बायकोच्या प्रवासाला तेव्हा सहा दिवस उरले होते. चाचांनी फडक्याखालून विमान काढलं आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो “अरे देवा.”

काम सुरेख होतं, हे आधी सांगतो. पन्हळी एकसारख्या. खिडक्यांना काचेऐवजी पारदर्शक कागद. आत चार खुर्च्या आणि त्यांवर लाल मखमलीचे तुकडे. पण पंख! त्या विमानाचे पंख बुंध्यापासून टोकाकडे किंचित वर जातात. चाचांनी ते खाली उतरवले होते. दोन्ही बाजूंनी ऐटीत खाली झुकलेले, मधे खोली, समोरून पाहिलं तर हुबेहूब कौलारू घराचं छप्पर. वर दारावर एवढासा छज्जाही काढला होता.

मी आवाज चढवला. पत्रा छान आणि अक्कल कुठे गेली, अशा अर्थाचं काहीतरी बोललो. असं बोलायला नको होतं, पण मी त्या गल्लीत चौतीस वर्षांचा तपासनीस होऊन उभा होतो. चाचांनी चष्मा काढून पुसला.

“साहेब, पंख वर केला तर दोन्हीकडचं पाणी कुठे येणार?” त्यांनी बोट पंखाच्या बुंध्यावर ठेवलं. “इधर. सांध्यात. आणि तिथंच तुमचं दार. सांध्यात पाणी थांबलं की पत्रा गळणारच, आज नाय तर उद्या. अंदर आदमी बैठे हैं ना?”

“चाचा, हे विमान आहे. छप्पर नाही.”

“विमान मी बघितलं हाय. उमऱ्याला मक्केला गेलो तेव्हा बसलो. ते सपाट पत्र्याचं होतं, त्याचं मला काय माहीत नाय. हा नालीवाला पत्रा हाय. इसका मेरे को मालूम है.”

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते देण्याऐवजी तोंडातून भलतंच निघालं. मी विचारलं, “भीती नाही वाटली? बसलात तेव्हा?”

“लगा ना डर. लय.” ते सहज म्हणाले. “बीवीचा हात धरला. उतरेपर्यंत सोडला नाय.” आतल्या पडद्यामागून बाईंचा हसण्याचा आवाज आला. “निशान पडले होते हातावर,” त्या आतूनच म्हणाल्या.

“मग?”

“मग काय? जाना तो था.”

पंख नव्यानं करायला दहा दिवस लागतील, असं ते म्हणाले. रिव्हेट काढले तर पन्हळी दबतात. माझ्याकडे सहाच दिवस होते. मी विमान वर्तमानपत्रात गुंडाळून घेतलं, घाईनं पैसे हातावर ठेवले आणि निघालो. एसटीत ते मांडीवर होतं. चांदवड येईपर्यंत मी मनातल्या मनात चाचांची चूक लिहून काढत होतो, शब्द नेमके लावत होतो. पिंपळगावला कांद्याच्या ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली. करायला काही नव्हतं म्हणून मी पिशवीतून माझे नकाशे काढले. वरून पाहिलेला, बाजूनं पाहिलेला. समोरून पाहिलेला नकाशा नव्हताच.

पंख वर जातो की खाली, हे फक्त समोरून दिसतं. ते मी दिलंच नव्हतं. आमच्या खात्यात नव्यानं लागलेल्या पोरानं असा अपुरा नकाशा आणला असता तर मी त्याची चामडी लोळवली असती. चाचांनी रिकामी जागा त्यांना जे माहीत होतं त्यानं भरली होती. आणि भरताना त्यांनी आत बसलेल्या चार माणसांचा विचार केला होता. मी ते विमान महिनाभर वाचत होतो आणि त्या खुर्च्यांवर कोणी बसलंय, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. मला लाज वाटली. मी तिथूनच चाचांना फोन लावला आणि चूक माझी आहे, असं सांगितलं. “कोई बात नहीं,” ते म्हणाले. “पाऊस आला तर बघा, गळणार नाय.”

घरी आल्यावर कपाटात तळाशी जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा सापडला. एक घेतली. दोष: समोरचा नकाशा दिला नाही, त्यामुळे पंख उलटे. जबाबदार: बाबा. ‘जबाबदार’पुढे माझं नाव लिहायला हवं होतं. हात आपोआप तसा गेला. सही केली आणि चिठ्ठी शेपटीला बांधली.

बायको डिंकाचे लाडू डब्यात भरत होती. विमान पाहून म्हणाली, “छान आहे की. द्या, बॅगेत कपड्यांमधे ठेवते.”

“नको,” मी म्हणालो. “लाल चिठ्ठीचा भाग एकटा जात नाही.”

तिनं लाडू खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं आणि माझंही तिकीट काढा, असं जावयाला फोनवर सांगायला आत गेली. मुलीला सांगू नका, एवढं मी ओरडून सांगितलं. ऐन वेळी माझे पाय मागे फिरले तर चौथ्यांदा तिची निराशा नको होती.

प्रवासाचं वर्णन करण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. मुंबईच्या विमानतळावर माझी बॅग यंत्रातून गेली आणि तिथल्या तपासनिसानं ती बाजूला घेतली. “काय आहे हे?” “विमान,” मी म्हणालो. त्यानं ते उलटंपालटं केलं, कडांवरून बोट फिरवलं, चिठ्ठी वाचली, आतल्या खुर्च्यांत डोकावला. काम मन लावून करणारा माणूस होता, मला बरं वाटलं. विमानात मात्र काही बरं वाटलं नाही. विमान धावायला लागलं तेव्हा मी बायकोचा हात धरला आणि ढगांवर गेल्यावरही सोडला नाही. पंख हलत होता. तो हलायलाच हवा, हे मला तिथल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं, आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. मधेच कधीतरी बायको म्हणाली, “अहो, बांगडी रुततेय.” मी हात बदलला.

जावई न्यायला आला होता. मुलीनं दार उघडलं. आईला मिठी मारायला ती पुढे झाली आणि मागे मी दिसलो. पोट मोठं, चेहरा सुजलेला, केस कसेतरी बांधलेले. मी काय बोलायचं ते प्रवासभर ठरवलं होतं, ते सगळं विसरलो आणि विमान पुढे केलं. नियमाप्रमाणे तोंडानं सांगितलं, “पंख उलटे झालेत. नकाशा माझा अपुरा होता.”

तिनं चिठ्ठी वाचली. पुन्हा एकदा वाचली. “बरं,” एवढंच म्हणाली, विमान पुस्तकांच्या फळीवर नेऊन ठेवलं आणि आईला घेऊन आत गेली. चिठ्ठी तशीच लटकत होती.

आठवड्यानं नात झाली. मग दिवस दुपटी, बाटल्या आणि गरम पाणी यांत जाऊ लागले. दूध पिऊन झालं की नातीला खांद्यावर घेऊन ढेकर काढायचं काम माझ्याकडे आलं. ते मला चांगलं जमतं, असं कळलं. फेऱ्या मारताना दर वेळी ती फळी यायची. विमान, झुकलेले पंख, लाल चिठ्ठी. मुलगी माझ्याशी नीट बोलायची, चहात साखर किती ते विचारायची, हसायचीही. पण चिठ्ठी सुटली नव्हती. एका वर्षाची चूक असती तर गोष्ट वेगळी. तीन वर्षं मी तिला फोनवर खोटं सांगितलं होतं, आणि ते खोटं आहे हे तिला दर वेळी कळत होतं. सोड, असं तिला म्हणणं नियमात बसत नव्हतं. एकदा ती नातीला पाजत असताना मी म्हणालो, “मला भीती वाटते गं विमानाची. पहिल्यापासून.” ती म्हणाली, “माहितेय बाबा. तेवढंच सांगायला हवं होतं.” नातीनं तेवढ्यात दूध ओकलं आणि आम्ही दोघंही फडकं शोधायला लागलो.

निघायच्या दिवशी सामानाची गडबड होती. मी शेवटचं नातीला खांद्यावर घेऊन फिरलो. फळीपाशी आलो तर विमान होतं, चिठ्ठी नव्हती. मुलगी समोर उभी होती, माझे कागद प्लास्टिकच्या पिशवीत भरत होती. विमानतळावर तिनं मला वाकून नमस्कार केला आणि आईला सांगितलं, “यांचा हात धर हं.”

परतीच्या विमानात बसलो, पट्टा बांधला, बायकोचा हात धरला. दुसऱ्या हातानं कागदांची प्लास्टिकची पिशवी उघडून त्यात बोर्डिंग पास ठेवायला गेलो तर तळाशी, कागदांच्या मधे, लाल चिठ्ठी होती. माझ्या सहीखाली तिचं अक्षर, लहानपणी होतं तसंच, थोडं डावीकडे कललेलं.

तपासले. आले.